वेल्सच्या मुलीच्या बारा पट्ट्या

सिस्टर, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, त्यामुळे आता उलट उत्तर येणार नाही, आणि म्हणूनच तुमच्यासमोर पहिल्यांदा न अडखळता बोलतेय. माझी मुलगी इथे टोकियोत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तोयोसुला खाडीकाठच्या उंच इमारतीत राहते. मी शाळेतून निवृत्त झाले म्हणून तिने तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं आणि आल्या आल्या हातात तिकीट ठेवलं. तुमच्या लाडक्या गायिकेच्या निरोपाच्या मैफलीचं.

वेल्समधल्या खाणकामगाराची ही पोर. पुण्याच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये येण्याआधी तिच्या गावच्या शाळेत तुम्ही तिला गायला शिकवलंत. तिची कात्रणं तुमच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली असत. लंडनला पहिलं बक्षीस केव्हा मिळालं, मिलानने तिला डोक्यावर केव्हा घेतलं, न्यूयॉर्कमध्ये अंगात ताप असताना ती ऑपेराचे तीनही अंक कशी गायली, हे सगळं मला सख्ख्या भावंडांच्या लग्नतारखांपेक्षा पक्कं पाठ आहे. तुम्ही गेल्यावरही मी ती कात्रणं जमवत राहिले.

मी चौदा वर्षांची आहे. वरचा सूर हलतो. तुम्ही मूठ माझ्या बरगड्यांखाली खुपसता, "श्वास इथून, गाढवे!" सूर पुन्हा हलतो. मग लाकडी पट्टी. सपाट नाही, धारेने, बोटांच्या सांध्यांवर. मधल्या बोटाची कातडी फाटते, रक्त पियानोवर ठिबकतं. तुम्ही रुमाल काढून पुसता. पियानो. "रडतेस? ती नऊ वर्षांची होती, याच सुरासाठी तिने बारा पट्ट्या खाल्ल्या. डोळ्यांत टिपूस नाही. म्हणून ती तिथे आहे आणि तू इथे." नंतर स्वयंपाकघरात नेऊन मध घातलेलं गरम दूध देता. घशासाठी, बोटांसाठी नव्हे.

त्या बारा पट्ट्यांवर मी आयुष्य उभं केलं. तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं आणि तीस वर्षं मुलींना तिची गोष्ट सांगून मारलं. स्वतःच्या मुलीला सगळ्यांत जास्त. एकदा तिची करंगळी अशी सुजली की आठवडाभर पेन धरता येईना. दहावीनंतर तिने तोंडातून सूर काढला नाही, न्हाणीघरातसुद्धा नाही.

मैफलीत त्या गायिकेचा आवाज थकलेला होता, पण खर्जात अजून अंगावर काटा येत होता. शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत एकाही जपानी माणसाने टाळी वाजवली नाही. मग बाहेर सह्यांची रांग. आपलं नाव चिठ्ठीवर लिहून सीडीला लावायचं, पुढे सरकायचं, वाकायचं, निघायचं. बोलायचं नाही. मी बोलले. तुमचं नाव घेतलं, तुमची विद्यार्थिनी म्हणून ओळख दिली आणि इंग्रजीत विचारलं, "त्यांनी तुम्हाला बारा पट्ट्या मारल्या होत्या ना?" मला फक्त 'हो' ऐकायचं होतं.

तिने पेन खाली ठेवलं. "मारल्या? त्यांनी? अहो, त्यांच्या हातून माशी मरत नव्हती! माझा सूर चुकला की त्याच रडायच्या." मग खदखदून हसली. "मारून गाणं येत असतं तर आमच्या गावातले सगळेच मोठे गवई झाले असते. तुमच्याशीही तशाच होत्या ना?"

"हो," मी म्हणाले. "अगदी तशाच."

रांगेवर लक्ष ठेवणारी मुलगी हातमोजे घातलेले हात पुढे करून मला सरकवत होती. मला ते टेबल उलथून टाकायचं होतं. तुमचं थडगं कुदळीने फोडून तुम्हाला बाहेर ओढून विचारायचं होतं, आमच्या कातडीत काय वेगळं दिसलं तुम्हाला? त्या गोऱ्या पोरीसाठी तुम्ही रडलात, आणि आमच्यासाठी पट्टी?

माझी मुलगी शेजारीच उभी होती. तिने सगळं ऐकलं. परतीच्या गाडीत दोन स्टेशनं गेल्यावर तिने विचारलं.

"आई, मग मला कशासाठी?"

"आपलं स्टेशन आलं का बघ."

"नाही आलं. बोल ना."

त्याला आज चौथा दिवस. ती सकाळी मला डबा भरून ठेवते, ऑफिसला जाते, संध्याकाळी येऊन कचरा वेगवेगळा करते आणि मला ओरडते, "आई, प्लास्टिक यात नाही!" पुन्हा काही विचारत नाही. म्हणून मी तुमच्यावर तुटून पडलेय, सिस्टर. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट अजून लिहिलेली नाही. मुलगी सातवीत असताना एका मासिकात त्या गायिकेची मुलाखत आली होती. लहानपणी आपल्यावर कुणीच हात उगारला नाही, असं त्यात तिने स्पष्ट म्हटलं होतं. मी ते दोनदा वाचलं, मासिक रद्दीत घातलं आणि मुलीला रियाझाला हाक मारली.