तुमच्या कपाटातले कागद

सर, तुमच्या खुर्चीत आता मी बसते. आदिवासी आरोग्याचं आपल्या नाशिकच्या केंद्रातलं सगळं संशोधन माझ्या सहीने चालतं. तुम्हाला हे खुपलं असतं, म्हणून आधी तेच लिहिते.

सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावर तुम्ही आलात, तेव्हा मी तुमची विद्यार्थिनी होते. अजून डोळ्यांसमोर आहे, आईच्या चुलीपाशी तुम्ही मांडी घालून नागलीची भाकरी खाता आहात आणि मी बायकांना सांगते आहे, "रगत द्या, तपासून कागद घरी येईल." माझ्या शब्दावर सगळ्यांनी हात पुढे केले. धाकट्या बहिणीनेही. आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, चिमूटभर मीठ तरी घालतात. वर्षभर आई मला टोचत राहिली, "तुझ्या सरानं आमची वाटी रिकामीच ठेवली का गं?" मी तुम्हाला विचारलं. चष्मा पुसत तुम्ही म्हणालात, "अगं, आपण संशोधन करतो, दवाखाना नाही चालवत." वर तुमचं शाईचं पेन मला बक्षीस दिलंत.

बहीण पहिल्या बाळंतपणातच गेली. तुम्ही गेल्यावर मी तुमचं कपाट उघडलं. पाड्यावरच्या सगळ्यांचे कागद त्यात होते, तिचाही. सिकलसेल, बाळंतपणात जिवावर बेतणारा रक्ताचा आजार. तारीख तिच्या लग्नाआधीची.

नव्या प्रयोगशाळेला तुमचं नाव द्यायचं घाटत होतं. मी त्याच पेनाने नकार लिहिला. कागद आधी घरी, लेख मागाहून, हा नियमही त्यानेच लिहिला. मग कपाटातला गठ्ठा घेऊन पाड्यावर गेले आणि दारोदार तुमचं नाव घेऊन सांगितलं, हे कागद यांनी दाबून ठेवले होते. तुमचं नाव असं मातीत घालताना फार गोड वाटत होतं, सर. एका म्हातारीने कागद हातात घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझा सर कुठं आला व्हता माझ्या दारी? तूच आली व्हतीस." मग आत जाऊन ओंजळभर नागली आणली आणि माझ्या पिशवीत ओतली. "रिकामी नको जाऊ."

सगळी घरं झाली, एक सोडून. बहिणीचा कागद सापडलाच नाही, असं मी आईला सांगितलंय. तो अजून तुमच्या कपाटात आहे. हे पत्रही तिथेच ठेवते. किल्ली माझ्याकडे असते.