श्रावणाचं पान

नेवासे,
आश्विन वद्य ३, शके १८६८

चि. रविकांत यास अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम आहे. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण तोंड ठणठणीत आहे.

मुंबईहून तुझं पत्र पोचलं. चित्रशाळेचे मास्तर तुझ्या चित्राला काही अर्थ नाही म्हणाले, म्हणून तू शाळा सोडून घरी येणार आणि माझ्याजवळ भिक्षुकी शिकणार. त्याविषयी नंतर लिहितो.

आधी पंचांगाचं बोलू. सुटीत आलास तेव्हा त्यातलं श्रावणाचं पान फाडून नेलंस. ऐन श्रावणात भिक्षुकाला तिथी सापडू नये! राधाकृष्णभटाकडे जाऊन विचारायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. तेवढ्यात टपालाने तुझं हे चित्र आलं. कुंकू, हळद, काजळी, आणि मधोमध खळीने चिकटवलेलं माझं पान! तेही तिरपं. नागपंचमी हळदीखाली गेलेली.

तिथी पाहता यावी, एवढ्यासाठीच ते देवघराशेजारी लावलं. रोज मान वाकडी करून त्यापुढे उभा राहायचो. एकदा भिमाजी सत्यनारायणाचा दिवस विचारायला आला. मला तसं पाहून त्यानेही पागोटं सावरत मान वाकडी केली आणि हात जोडले.

“काका, ह्यो कंचा ग्रह म्हनायचा?”

“ग्रह कसला? आमच्या रविकांतचं चित्र आहे.”

“व्हय? लई कडक हाय.”

आता जो येतो तो मान वाकडी करूनच नमस्कार करतो. समजावून थकलो. परवा राधाकृष्णभटही येऊन पाहून गेला, मान सरळ ठेवून. त्याला काय दिसणार!

तुझी आई म्हणते, तो तांबडा वळसा म्हणजे तिची चूल. मला तो प्रवरेचा घाट वाटतो. यावरून आमची रोज जुंपते. तू गेल्यापासून घरात इतकं बोलणं झालं नव्हतं.

आता मास्तरांचं. मी जन्मभर म्हणत आलो त्या मंत्रांपैकी निम्म्यांचा अर्थ मला ठाऊक नाही. मला अजून कोणी नापास केलेलं नाही.

तू इथे राहिलास तर घर भरलेलं वाटेल, खोटं कशाला लिहू? तरीही दिवाळीला ये, फराळ कर आणि परत जा. भिक्षुकीला राधाकृष्णभट पुरेसा आहे. आईने तुझ्यासाठी कुंकू चाळून ठेवलंय. मी गेल्या सालचं पंचांग काढून ठेवलंय. फाडायचं तर ते फाड.

श्रावण संपून दसराही उलटला. चित्र अजून तिथेच आहे.

मान वाकडी झालेला तुझा पिता,
दत्तोपंत