विम्याच्या कागदातला बोकड

आबा, आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आता तरी हा राग जायला हवा होता. पण सकाळी आमच्या दुकानाच्या पडलेल्या भिंतीसाठी विम्याचा माणूस आला. खर्चाच्या कागदावर बोट ठेवून ‘हे कशाला, ते कशाला’ विचारू लागला, आणि मला नंदुरबारचा आपला ओटाच दिसायला लागला.

लढाईची वर्षं होती. जिनातली, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातली, कापसाची शेड जळली, त्यात डोंगरातून कामाला आलेला एक माणूसही गेला. जिनाचे मिस्त्री तुम्ही, म्हणून दुरुस्तीचं इस्टिमेट तुमच्याच हातचं. विमा मंजूर झाला तरच शेड उभी राहणार, आणि शेड असली तरच हंगाम. तुमचे जावई तिथेच फिटर. जिन बंद राहिलं तर सुरतेच्या गिरणीत जाईन, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मी पोटुशी. सुरतेला गेलेला माणूस परत येतो की तिकडचाच होतो, या धास्तीने मला घास उतरत नव्हता. आणि हे तुम्हाला ठाऊक होतं, आबा!

विम्याचा मुंबईचा साहेब ओट्यावर बसलाय, शेजारी जिनाचे मालक शेठजी. मी चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापतेय, पण जीव सगळा कानात. पत्र्याचा भाव इतका का? लढाईमुळे पत्रा मिळतच नाही, तुम्ही सांगता. छपराच्या कैच्या सगळ्या नव्या कशाला? भिंत छातीपर्यंत का उतरवायची? तुम्ही एकेक पटवून देता, तो एकेक ओळीवर खूण करतो. झालंच आता, असं मी आईला खुणावते. तेवढ्यात साहेबाचा आवाज चढतो. “आणि हे काय? बोकड? शेंदूर? मोहाची दारू? ही दुरुस्ती आहे की जत्रा?”

शेठजींनी कपाळाला हात लावला. अहो, इस्टिमेटात बोकड कोण लिहितं! पण तुमच्या लेखी ती दुरुस्तीच होती. छपरावर चढणारी टोळी त्या मेलेल्या माणसाच्याच पाड्यावरची. त्यांच्या बडव्याने, म्हणजे भगताने, पूजा दिल्याशिवाय त्या जागी कुणी पाय ठेवणार नव्हतं.

“सायेब, तठे मानूस मरेल शे,” तुम्ही म्हणालात. “बोकड नही दिधा ते पत्रावर कोन चढी?”

साहेब हसलासुद्धा नाही. “ही रक्कम खोटी टाकली, असं खाली लिहून सही कर. बाकीचं मी मंजूर करतो. नाहीतर सगळाच कागद संशयाचा म्हणून परत जाईल.”

शेठजी म्हणाले, “मिस्त्री, लिही बाबा. बोकडाचे पैसे मी देतो.”

मी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चांगलं पाहिलंत, वरपासून खालपर्यंत. मग साहेबाला म्हणालात, “खोडनं व्हई ते खोडा. पन मी खोटं लिखेल नही शे.”

कागद परत गेला. चौकशी लांबत राहिली, हंगाम गेला, जिनाच्या दाराला कुलूप. हे सुरतेला गेले ते बाळंतपणालाही आले नाहीत. न्यायला आले तेव्हा पोरगा चालत होता. बापाला पाहून त्याने माझ्या पदरात तोंड लपवलं. पुढेही बापलेकांचं कधी जमलं नाही, ते नाहीच.

गावाकडचं कुणी भेटलं की म्हणतं, ‘तुन्हा आबा म्हनजे सोनाना मानूस.’ मी मान हलवते आणि विषय बदलते. हा कागद कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून सांगते. तुमचं बरोबर होतं, हे मला त्या दारात उभी असतानाही कळत होतं. तरी माझ्यासाठी तेवढं एक खोटं तुम्ही लिहायला हवं होतं, आबा.