जोतिबाचा गुलाल

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
कालच्या नोंदीत चूक आहे, आधी ती दुरुस्त करते. मी लिहिलं की आण्णांनी आमच्या घरी बनवलेल्या रॉकेटच्या नळीत कोंबलेल्या गुलालामुळे दोरी तुटली, पॅराशूट एकटंच वाऱ्यावर गेलं आणि रॉकेट उसात कोसळलं. कोडोलीच्या काकांनी पॅराशूट आज आणून दिलं. दोरी अखंड, गाठही शाबूत. फक्त गाठीत रॉकेटची कडी नव्हती! कडीच्या शेजारून ओवलेली. ओवली आण्णांनी. पण यादीत ‘दोरी तपासली’ यापुढे खूण माझी. न बघता केलेली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
आण्णांना सांगितलं. ‘‘मग तपासाय तू हाईस की.’’
निदान गुलाल तरी कमी करा म्हटलं. ‘‘जोतिबाचा हाय त्यो. आन् आभाळात कसा उठून दिसतोय!’’ निम्मी मूठ जोतिबाला चालणार नाही का? आण्णा शाळेची व्हॅन चालवतात, रविवारी त्यातूनच रॉकेट नेतो. सीटा गुलाबी, सोमवारी पोरांचे गणवेश गुलाबी. आयांचे फोन मला!

गुरुवार, ६ फेब्रुवारी
आण्णांनी रॉकेटचे पंख तिसऱ्यांदा वाकडे चिकटवले. म्हणे डिंकच बाद. मी पट्टी लावून दाखवली. ‘‘लेकीनं घरात पयली डिग्री आणली, तवापास्नं बापाला खिळासुदिक इचारून ठोकाय लागतोय.’’ पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
चौथ्यांदा. शेवटी मीच चिकटवले.

रविवार, ९ फेब्रुवारी
काकांच्या तोडणी झालेल्या रानात गेलो. मी गुपचूप गुलाल घातलाच नाही. वैताग आला होता, दुसरं काही मनात नव्हतं. एरवी रॉकेट कुठे आहे ते मी ओरडून सांगते. आज घुश्शात गप्प राहिले.
सुंदर उडालं. पॅराशूट उघडलं. आण्णा मान वर करून, ‘‘दिसलं, दिसलं! कसलं गेलंय बघ!’’ बोट पन्हाळ्याकडे. रॉकेट त्यांच्या पाठीमागे दहा पावलांवर उतरलं. तरी बोट तिकडेच.
हसू यायला हवं होतं.
परतताना वळणावर उसाची बैलगाडी. ‘‘आण्णा, गाडी!’’ करकचून ब्रेक. ‘‘दिसली की.’’ तोच आवाज. रानातला.
व्हॅन कडेला घ्यायला लावली. कधीपासून, विचारलं. आण्णा स्टिअरिंग पुसत राहिले.
‘‘दिवाळीपास्नं. धुरकाटल्यागत.’’
‘‘डॉक्टरांकडे का नाही गेलात?’’
‘‘लायसन जाईल ग, संयू. पोरांच्या परीक्षा होऊ देत, मग बघू. रस्ता पाठ हाय मला.’’
म्हणजे कडी, पंख, गुलाल. मी सगळ्यावर चिडले आणि एकदाही तपासलं नाही.

रविवार, संध्याकाळी
व्हॅनची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. बारा पोरांच्या घरी फोन झाले. खरं कारण सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ दहाची. आण्णांना अजून यातलं काही माहीत नाही. सकाळी सहाला चहा पिऊन ते किल्लीसाठी खुंटीवर हात फिरवतील, तेव्हा समोर उभी राहून सांगणार. उद्या. सोमवार, १० फेब्रुवारी.