खोलीच्या दाराचा रंग

३ मार्च, सोमवार
पोचलो. विमानतळावर पाय ठेवला तोच फोनवर तीन वायफाय. तिन्ही फुकट, नावं जवळजवळ सारखीच! एक खरं असेल, उरलेली दोन कुणाची? वायफाय, ब्लूटूथ दोन्ही बंद करून टाकलं. भिंतीपाशी चार्जिंगच्या वायरी लोंबत होत्या, लोक खुशाल फोन जोडून बसलेले. त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, देव जाणे. मी माझाच चार्जर काढला.

हॉटेलात वायफायचा पासवर्ड काउंटरमागे फळ्यावर लिहिलाय. पासवर्ड कसला, आमंत्रणच! इथलं सिम घेतलं. घरचंही चालू ठेवलंय, फक्त फोन घेण्यापुरतं.

हिला पोचल्याचं कळवलं. नियम पुन्हा बजावला — आपल्यापैकी कुणीही अनोळखी नंबरावरून बोललं, तर आधी प्रश्न. 'आपल्या पहिल्या खोलीच्या दाराचा रंग कोणता?' चोर कुठला तरी रंग ठोकून देणार. खरं उत्तर — दार नव्हतंच, पडदा होता! लग्नानंतर वर्षभर मालकाने दार बसवलं नाही. हे हिला, मला आणि लेकीलाच ठाऊक. ही म्हणाली, "अहो, तुम्ही स्वतःच्या सावलीलासुद्धा पासवर्ड विचाराल."

४ मार्च
इथल्या कारखान्यात बसवायला आणलेलं आमच्या कंपनीचं पाकिटं भरायचं मशीन खोक्यातून काढलं. प्रवासात एक पट्टा सरकलाय, बाकी ठीक. दुभाषी बाई म्हणाली, कारखान्याचं वायफाय घ्या ना, सगळे वापरतात. सगळे वापरतात म्हणूनच नको!

६ मार्च
काहीतरी गडबड आहे. हिच्या नंबरावरून सकाळपासून तीनदा 'जेवलात का?' तिन्ही वेळा मी उत्तर दिलं. काल गच्चीतल्या कुंडीचा एकच फोटो दोनदा. माणूस असं करत नाही, यंत्र करतं. कुणीतरी हिचं खातं उघडून बसलंय, नक्की. म्हटलं, दुसऱ्या कुठल्या फोनवर तुझं खातं चालू नाही ना, सेटिंगमध्ये बघ. "बघते," म्हणाली. बघितलं नसणार.

७ मार्च
सगळे पासवर्ड बदलले. बँकेचं ॲप काढूनच टाकलं. दुभाषी बाईला माझ्या घरच्यांचा फोटो बघायचा होता म्हणे! दाखवला, पण फोन हातातून सोडला नाही.

८ मार्च
चोर पकडला!

दुपारी मशीनचं सील जुळवत होतो. पाकिटाचं तोंड एका कोपऱ्यात चिकटतच नव्हतं. तेवढ्यात घरच्या सिमवर अनोळखी नंबर. बाईचा आवाज, थेट हिचाच! "अहो, मी बाहेर अडकलेय. दाराच्या कुलपाचा आकडा सांगा ना."

आमचं कुलूप आकडे दाबून उघडायचं. आकडा हिनेच ठरवलेला, लेकीची जन्मतारीख. आणि ही तो मला विचारेल? हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात, वाचलंय मी.

"पहिल्या खोलीच्या दाराचा रंग?"

पलीकडून हळूच, "हिरवा ना?"

"चोरटी कुठली!" ओरडलोच. फोन आपटला, नंबर ब्लॉक. दुभाषी बाई बघतच राहिली. तिला सगळा किस्सा रंगवून सांगितला.

हिला मेसेज टाकला — सावध राहा, तुझ्या आवाजात फोन येतायत. अजून वाचलेला नाही.

८ मार्च, संध्याकाळ
लेकीचा फोन आला, तिच्या ऑफिसातून. तिलाही प्रश्न विचारला मी! "दार नव्हतं, पडदा होता. बाबा, आता गप्प ऐका."

तो फोन हिचाच होता. भाजी आणायला गेली, मोबाइल घरात राहिला, दार लागलं. परत आली तर आकडा आठवेना. जिन्यात भेटलेल्या कुरियरवाल्याचा फोन मागून घेतला. पाठ असलेला नंबर एकच — माझा. मी ओरडल्यावर पायरीवर बसून राहिली. शेजारच्या बाईंनी बघितलं आणि लेकीला कळवलं.

पोटच्या पोरीची जन्मतारीख, आणि हिला आठवेना!

लेक म्हणाली, "मला दोन महिने शंका येतेय. तुम्ही तर जगावर संशय घेता बाबा, हे कसं दिसलं नाही?"

लाज वाटली. त्याहून भीती वाटली.

१० मार्च
कंपनीला कळवलं, सील बसलंय, उरलेलं काम दुसऱ्याला पाठवून करून घ्या. परवाचं तिकीट मिळालं. लेक हिला डॉक्टरांकडे घेऊन गेली होती, तपासण्या सांगितल्यात. नंतर हिच्याशी बोललो. "केवढ्याने ओरडलात हो परवा!" म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही. ते मात्र तिला नेमकं आठवतंय.

१२ मार्च, विमानतळ
इथल्या सिमचं नेट संपलं. त्या तीन वायफायपैकी हाताला लागलं ते जोडलं. हिचा चेहरा बघायचा होता. "जेवलात का?" जेवलो म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं.

मग न राहवून म्हटलं, "त्या दिवशी हिरवा कुठून काढलास गं?"

"अहो, पडदा! माझ्या आईची चादर फाडून शिवलेला. हिरवाच होता ना?"

हिरवाच होता. मीच विसरलो होतो.