पृथ्वीचा कल

२ फेब्रुवारी

पृथ्वी झाली! लेथवर गोल काढली, वर समुद्र-जमीन चिमीने रंगवली. तिच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी – ऋतू का होतात ते दाखवायचंय. मधोमध दिवा म्हणजे सूर्य, त्याच्याभोवती फिरणारा लाकडी हात, हाताच्या टोकाला पृथ्वी. ओळंबा लावून उभी केली. तसूभर इकडेतिकडे नाही. या कारखान्यातून आजवर वाकडी वस्तू बाहेर गेलेली नाही, पृथ्वी तरी कशी जाईल?

३ फेब्रुवारी

चिमीने बघितलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा, सरळ केलीत?"

म्हटलं, मग काय वाकडी करू?

"हो!"

म्हणे पृथ्वी साडेतेवीस अंश कललेली आहे. तो कल काढला तर उन्हाळा नाही, हिवाळा नाही, सगळं वर्ष एकसारखं. मी म्हटलं, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो म्हणून उकडतं, एवढं आम्हालाही कळतं. तर हसली! ऐन थंडीत आपण सूर्याच्या जास्त जवळ असतो म्हणे. मग बॅटरी घेऊन फळीवर दाखवलं – सरळ धरली की छोटा झगझगीत ठिपका, तिरपी धरली की तोच उजेड पसरून फिका पडतो. ऊन तसंच. तिरपं पडलं की थंडी.

पटलं. चेहऱ्यावर दाखवलं नाही.

जेवताना ही म्हणाली, "जन्मभर सगळ्यांच्या वाकड्यात शिरलात, आता एक भोक वाकडं पाडायला काय होतंय?"

५ फेब्रुवारी

कल दिला. मुद्दाम वाकडं भोक पाडायचं म्हणून तीनदा मोजलं, खरंच!

८ फेब्रुवारी

नवं झेंगट. हात फिरवला की पृथ्वीही त्याच्याबरोबर वळते, डोकं सतत दिव्याकडेच. चिमी म्हणाली, "असं झालं तर आपल्याकडे बारमाही उन्हाळा! ती कुठेही गेली तरी तिचा कल एकाच बाजूला हवा, समजा खिडकीकडे. म्हणजे दिव्याच्या अलीकडे असताना डोकं दिव्याकडे, पलीकडे गेली की तेच डोकं दिव्यापासून लांब. कल बदलत नाही बाबा, जागा बदलते."

काय बोलते पोरगी! मी सातवीत शाळा सोडली आणि रंधा हातात घेतला. ही मोठ्या शहरात जाऊन आकाशाचं शास्त्र शिकणार, नावामागे डॉक्टर लागणार. या महिन्यात कॉलेजचा अर्ज भरायचा की झालं. सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय मी.

११ फेब्रुवारी

जमलं!! चिमीनेच जमवलं. जुन्या सायकलींच्या दोन सारख्या दातेरी चकत्या – एक दिव्याखाली पक्की, दुसरी पृथ्वीखाली, दोन्हींवरून चेन. हात फिरवला. पृथ्वी चक्कर मारून आली, डोकं खिडकीकडे ते खिडकीकडेच! मी ओरडलोच. अभिमानाने ऊर भरून येणं म्हणतात ते हेच असावं.

तिचे हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. म्हटलं, जा, धू आणि अभ्यासाला बस, हे तुझं काम नव्हे. गेली. पण पुन्हा येऊन चेन घट्ट करून गेली.

१५ फेब्रुवारी

प्रदर्शन. आमच्या टेबलापुढे ही गर्दी! भूगोलाच्या बाई मला म्हणाल्या, "मुलीचा कल कशाकडे आहे, विचारलंत का कधी?"

म्हटलं, "बाई, सुताराला कल शिकवू नका. ती शास्त्रज्ञ होणार, ठरलंय."

बाईंनी चिमीकडे बघितलं.

एक गोष्ट खटकली. कुणी विचारलं की चिमी ऋतूंचं दोन वाक्यांत उरकायची आणि टेबलाचं कापड वर करून खालची चेन दाखवत बसायची. मी लांबून खुणा करतोय – अगं, वरचं सांग, वरचं!

१९ फेब्रुवारी

अर्ज कोराच. उद्या शेवटची तारीख. विचारलं तर आधी रडली, मग म्हणाली, "बाबा, मला पृथ्वी आवडली. पण चेन जास्त आवडली. मला कारखान्यात यायचंय."

डोकं फिरलं. नाही नाही ते बोललो. याचसाठी शिकवलं तुला? माझ्यासारखे हात सोलून घ्यायला? गल्लीत काय तोंड दाखवू?

"लहानपणापासून इथेच बसते मी. तुम्हाला वाटायचं, अभ्यासाला येते."

ही एवढंच म्हणाली, "पहिली अक्षरं तिने भुशातच गिरवली. विसरलात?"

जेवलो नाही.

२० फेब्रुवारी

प्रदर्शनातलं यंत्र घरी आलंय. सकाळी कारखान्यात एकटाच फिरवत बसलो. पृथ्वी दिव्याकडे झुकते, मग दिव्याकडे पाठ फिरवल्यासारखी दिसते. पण दिव्यालाच तसं वाटत असणार. तिचं डोकं खिडकीकडेच.

एवढ्या वर्षांत तिने रंधा हातात घेतला की मी काढून घ्यायचो. प्रत्येक वेळी.

अर्ज तसाच राहू दिला.

२१ फेब्रुवारी

कारखान्याच्या पाटीसाठी पेंटरला बोलावलं. म्हणाला, "पाटी भरलीय. 'आणि कन्या' घालायचं तर कोपऱ्यात तिरपं लिहावं लागेल, चालेल?"

म्हटलं, तिरपंच लिही.