उजव्या हाताच्या तर्जनीची चौकशी

तीर्थरूप मावशीच्या चरणी चौकशीखालच्या भाच्याचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. तुझे गुडघे कसे आहेत? जिना टाळ, असं सांगणार होतो, पण जन्मभर रुग्णालयात लोकांना हेच सांगत आलेल्या नर्सबाईंना मी काय सांगायचं? इकडे सर्व क्षेम आहे. (म्हणजे मी तुरुंगात नाही. हल्ली क्षेमाचा एवढाच अर्थ मला पुरतो.) फोनवर तू म्हणालीस की तुझ्या बोलण्याला शेंडाबुडखा नसतो, सगळं नीट लिहून कळव. तेव्हा तोच प्रकार आता लेखी.

मूळ कारण तूच. तुझा पेन्शनचा दाखला काढायला मी आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत बसलो. तुझा परवलीचा शब्द टाकला, (तो बदल. जन्मतारीख कुणीही ओळखतं.) तुझं पान उघडलं, पण छापलं जाईना. म्हणून पडद्यावरच्या पत्त्याच्या पट्टीत तुझा खातेक्रमांक पुन्हा टाकायला गेलो आणि शेवटचा आकडा चुकला. समोर भलत्याच माणसाचं पान. एक निवृत्त बसचालक, त्यांचा पत्ता, बँक, फोन, औषधोपचाराची बिलं, सगळं उघडं. खात्यानं मला 'तू कोण' एवढंही विचारलं नाही. आमच्या इमारतीचा रखवालदारसुद्धा विचारतो, आणि तो तर मला ओळखतो.

मी लगेच पेन्शन खात्याला फोन केला. या टेबलाकडून त्या टेबलाकडे असा फिरत फिरत शेवटी तिथल्या संगणक विभागातल्या एका भल्या गृहस्थापाशी पोचलो. त्यानं ऐकून घेतलं, 'अरे देवा' म्हटलं, भोक बुजवलं आणि आभाराची चिठ्ठीही धाडली. ते बुजल्याची खात्री झाल्यावरच आम्ही बातमी छापली. बातमी वाचून खात्याचे प्रमुख तापले. हा सरळसरळ दरोडा आहे, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं आणि माझ्यामागे चौकशी लावली. माझ्या टेबलावर एकाच खात्याची आभाराची चिठ्ठी आणि चौकशीची नोटीस शेजारी शेजारी पडली होती. कुणाला आधी उत्तर द्यावं, हा प्रश्नच होता.

पुराव्यासाठी त्यांनी आमचा संगणक उचलून नेला. त्यावरच आमचे राशिभविष्यवाले लिहितात, त्यामुळे त्या आठवड्याचं भविष्यही जप्त झालं. वाचकांचे फोनावर फोन आले, आणि सगळे भविष्याबद्दल. माझं काय होणार याची काळजी एकालाही नव्हती. संपादकांनी मात्र पहिल्याच दिवशी मला बोलावून सांगितलं, "तू छापलं नाहीस, आपण छापलं." एरवी हा माणूस चहाचा कप बदलून द्यायलाही कां कूं करतो. त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

चौकशी अधिकारी तसे वाईट नव्हते, पण संगणकाशी त्यांचा छत्तीसचा आकडा. कुलूप कशानं तोडलंत, असं त्यांनी विचारलं. कुलूप नव्हतंच, मी एक आकडा दाबला, असं मी सांगितलं. कशानं दाबला? बोटानं. कुठल्या? उजव्या हाताच्या तर्जनीनं. कारकुनानं 'वापरलेलं साधन' या सदरात तेच लिहून घेतलं. मी हसलो, आणि मग हसणं आपोआप थांबलं. कारण अधिकारी म्हणाले, ज्या दोघांची पानं तुम्ही पाहिलीत त्यांतल्या एकानं जरी तक्रारीवर सही केली, तरी प्रकरण पोलिसांकडे जाईल. म्हणजे नोकरी गेली, आणि पुढे कोर्टाच्या पायऱ्या.

त्या दोघांतली एक तू. तुला त्यांनी फोन केला तेव्हा तू काय म्हणालीस, ते त्यांनीच मला चिडून ऐकवलं: 'पान उघडायला मीच सांगितलं होतं, मग मलाही धरा, पण माझ्या गुडघ्यांना जमेल अशी खुर्ची ठेवा.' मावशी, तुझे हे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. फेडायचा माझा विचारही नाही.

उरले बसचालक. बातमीआधी मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी मला फाडून खाल्लं होतं. घरच्यांना न सांगितलेली गोष्ट एका परक्यानं वाचली होती, राग येणारच. सुनावणीला ते इस्त्रीचा सदरा घालून आले. तक्रारीचा कागद आणि पेन त्यांच्यापुढे तयार होतं. सही करण्याआधी त्यांनी एकच विचारलं, की याच्याआधी माझं पान किती जणांनी पाहिलं? अधिकाऱ्यांनी संगणकवाल्या गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घालून खरं ते सांगितलं, की अशी नोंदच ठेवलेली नाही.

बसचालकांनी पेन खाली ठेवलं. "ब्रेक लागत नाहीत म्हणून ओरडणाऱ्या पॅसेंजरला मी कधी गाडीतून उतरवलं नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पण पान माझं नाही, हे नाव बघूनच कळलं होतं ना तुला? मग खालचं कशाला वाचलंस?"

मावशी, एवढ्या चौकशीत हाच एक प्रश्न मला खरा लागला. आम्हा बातमीदारांची चौकशी व्हावी का, असं मला आता कुणी विचारलं तर मी म्हणेन, व्हावी. पण ती अशा माणसानं करावी.

त्यांनी सही केली नाही. चौकशी बंद झाली, संगणक परत आला, आणि राशिभविष्यवाल्यांनी माझ्या राशीला 'वरिष्ठांची मर्जी' असं लिहून दिलं. (फुकट.) बाहेर आल्यावर मी बसचालकांना चहा पाजला. चहाचे पैसे त्यांनीच दिले.

काकांना नमस्कार सांग. तब्येतीला जप.

तुझा, अद्याप मोकळा,
भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण आत्ता लिहितो, वर धीर झाला नाही. बसचालकांना तुमच्या गावच्या मोठ्या रुग्णालयात दाखवायचं आहे. घरी सांगितलेलं नाही, त्यामुळे सोबत कुणी नाही. माझी मावशी नर्स होती एवढं मी बोलून गेलो, तर त्यांनी तुझा पत्ता लिहून मागितला. शुक्रवारी ते तुझ्याकडे येतील. त्यांच्याबरोबर जाशील का? आणि आतल्या खोलीत चार दिवस राहू देशील का?

आणखी एक. त्यांना काय झालंय, ते मी या पत्रात कुठंही लिहिलेलं नाही. फोनवर विचारलंस तरी सांगणार नाही. ते त्यांचं त्यांनाच सांगू दे.